घाटावरचं मीठ

लोणावळ्याला जाऊन आले असं सांगितलं की समोरच्याचं लक्ष आधी माझ्या पिशवीकडे जातं. चिक्की आणली असणार! आणली होती, पण ती वाटेतच संपली. धुकं, धबधबे, दऱ्या यांचं वर्णन करावं म्हटलं तर त्यातलं निम्मं मी नीट पाहिलेलंच नाही. मी काही हवा खायला गेले नव्हते. मी गेले होते चोर शोधायला. चोर सापडला, आणि तो सापडल्यावर जो धक्का बसला तो अजून ओसरला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमचं गाव पेणच्या खारेपाटात. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती आणि दोहोंच्या मध्ये मातीचा लांबलचक बांध. त्या बांधात एक लाकडी दार असतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटी लागली की उघाडी उघडायची आणि शेतातलं जादा पाणी खाडीत सोडायचं. भरती आली की ती लावून घ्यायची, कारण खारं पाणी आत शिरलं की शेत गेलंच. आमचं सगळं गाव या एका दाराच्या भरवशावर झोपतं.

मी पेणला शाळेत शिकवते आणि सुट्टीला माझ्या भावाकडे, दामूदादाकडे, गावी जाते. दादाच्या घराला लागून, शेताच्या खालच्या टोकाला त्याचं तळं आहे आणि तळ्यात जिताडे आहेत. होते, असं म्हणायला हवं. जिताडा हा आमच्याकडचा मानाचा मासा. बोटाएवढा असताना भरतीच्या पाण्यातून आत येतो आणि तळ्यात पोसला की हातभर होतो. व्याही आले, लेक माहेरी आली, की तळ्यात जाळं पडतं. दादा घरातल्या माणसांपेक्षा जिताड्यांशी जास्त बोलतो, असं वहिनी म्हणते, आणि त्यात फारसं खोटं नाही.

या श्रावणात पावसानं उघडीप दिली, कडक ऊन पडलं आणि तळं हिरवं झालं. काठाला शेवाळ धरतं ते आम्हाला नवीन नाही. पण हे पाणीच हिरवं होतं, दाट, रंग कालवल्यासारखं. मी रविवारची गेले होते. सोमवारी पहाटे दादाच्या हाकांनी जाग आली. बाहेर येऊन बघते तर तळ्यातले सगळे जिताडे वर आलेले आणि तोंडं वासून हवा गिळत असलेले! पाण्यातला मासा पाण्यात गुदमरतो हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. दादा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून एकेक मासा उचलत होता आणि विहिरीच्या पाण्यानं भरलेल्या हंड्यात त्याचं तोंड धरत होता. ऊन वर आलं तोवर एकही उरला नाही. तळ्याचं पाणी उघाडीतून खाडीत जातं, तर उघाडीच्या पलीकडे बोयटं, म्हणजे खाडीतले लहान मासे, तीही पोट वर करून तरंगत होती, आणि चिखलात उभ्या राहिलेल्या कोळणी रिकाम्या पाट्या घेऊन परतत होत्या.

गावानं निकाल लगेच दिला. हे घाटावरचं पाणी! लोणावळ्याच्या धरणांचं पाणी खोपोलीला उतरतं, तिथे वीज करून झाली की नदीत येतं आणि नदीतून आमच्या खाडीत. जिताड्याची पिल्लं आत यावीत म्हणून दादा अधूनमधून भरतीचं थोडं पाणी आत घेतो, तेवढ्यात घाटावरची घाण आली, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. दादानं त्याच दिवशी गाडीनं माती आणून तळ्याच्या काठावर तिचा ढीग घातला.

"गवरी गेल्या का तळं बुजवतो," तो म्हणाला. "वरून इख येनार असंल तर मासं पालायचं कशाला?"

मी त्याला म्हटलं, थांब जरा, मी वर जाऊन बघून येते. लोणावळ्याला माझी ट्रेनिंग कॉलेजातली मैत्रीण आहे, शकू. तूही चल.

"मी नाय येत. सोसायटीत साखर आलीय, रांग लावायची हाय."

"मग माझ्यासाठीही आण थोडी, गौरीला लागेल," असं सांगून मी नारळी पौर्णिमेच्या सुट्टीला जोडून रजा टाकली आणि निघाले.

खोपोली आणि लोणावळा

खोपोलीला एस.टी. थांबली तेव्हा वीजघरातून सुटणारं पाणी बघायला गेले. रागानंच गेले. पाणी मात्र पांढरंशुभ्र, थंड, फेसाळत धावणारं. ओंजळीत घेतलं तर तळहातावरच्या रेषा दिसत होत्या. मी मनाशी म्हटलं, घाण वरच असणार, इथे ती फेसात लपली आहे.

घाटात एका म्हातारबुवांच्या छत्रीची काडी माझ्या अंबाड्यात अडकली ती लोणावळा येईपर्यंत सुटली नाही, त्यामुळे मी घाट उजवीकडे मान करून पाहिला. दरी डावीकडे होती.

शकूचा नवरा रेल्वेत आहे. स्टेशनपासून जवळ त्यांचं क्वार्टर. शकूनं गरम चहा दिला, माझी कहाणी ऐकली आणि दुसऱ्या दिवशी मला धरणावर घेऊन गेली. काठावर वाकून मी तळाचे दगड पाहिले. शेवाळ नाही, वास नाही, मेलेला मासा नाही. इतकं स्वच्छ पाणी बघून माणसाला आनंद व्हायला हवा, मी मात्र पार हिरमुसले. ज्याच्यावर आळ घ्यायला आले तो समोर धुतल्या तांदळासारखा उभा!

"मग ती इंद्रायणी असेल," मी म्हटलं. "गावाची गटारं तिच्यातच जातात ना? तिचंच पाणी खाली येत असेल."

शकू माझ्याकडे बघतच राहिली. "सुमन, तू चौथीला कोणता विषय शिकवतेस?"

"भूगोल."

"अगं, इंद्रायणी पूर्वेला वाहते! भीमेला मिळते, मग कृष्णेला. ती तुमच्या खाडीत यायची म्हणजे तिला डोंगर चढावा लागेल."

मी तिथेच दगडावर बसले. भिंतीवरच्या नकाशात छडीनं दाखवलेली नदी मी प्रत्यक्षात उलटी वाहवली होती. घरी जाऊन दादाला काय सांगू? की घाटावरचं पाणी चांगलं आहे, तळं उगीच बुजवू नकोस, पण मासे कशानं मेले ते मात्र ठाऊक नाही?

शकूला माझी दया आली असावी. "तुला हिरवं पाणीच बघायचं असेल तर माझ्या सासरी चल," ती म्हणाली. "तिकोणा पेठेला. तिथल्या तळ्यातले मासे मेले म्हणे, याच श्रावणात."

तिकोणा पेठ

रेल्वेनं कामशेतला उतरून एस.टी. धरायची होती. पण ट्रेनिंग कॉलेजच्या रेक्टरबाईंचा विषय निघाला आणि आम्ही बोलत बोलत पार पुढे घोरावाडीला पोहोचलो. तिथून उलट गाडीनं मागे. शकू दरवर्षी या मार्गानं सासरी जाते, तरी ही तऱ्हा.

पवनेवर धरणाचं काम चाललं होतं. रस्त्यानं मातीचे ट्रक, चिखल आणि हॉर्न. तिकोणा किल्ला ढगात डोकं खुपसून बसला होता. त्याच्या पायथ्याला मात्र डोळे निवावेत अशी खाचरं, म्हणजे बांध घातलेले भाताचे वाफे, एकाखाली एक पायऱ्यांसारखी उतरत गेलेली. आमच्याकडे शेत सपाट असतं आणि पाणी तुंबतं. इथे वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात, त्यातलं त्याच्या खालच्यात, असं दिवसभर खळखळत असतं.

शकूचे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणतात, ओटीवर पान जुळवत बसले होते. उंच, करड्या मिशांचे, आवाज असा की गोठ्यातली बैलं मान वर करतात. त्यांनी आमची पाय धुण्यापासून सरबराई केली. जेवायला नाचणीची भाकरी, डोंगरावरच्या फोडशीची भाजी आणि आंबेमोहोराचा भात. त्या भाताचा वास आला आणि आमच्या लाल भाताबद्दलचा माझा सगळा अभिमान मी त्या दिवसापुरता बाजूला ठेवला. मी मेलेल्या माशांचं विचारलं तर आबांनी हात झटकला.

"श्रावनात माशांचं नाव कशाला घ्येता, बाई? श्रावन पाळणारं घर हाय हे." मग दाराबाहेर बोट दाखवून म्हणाले, "त्यापरीस भात बघा. लय दिसानं असं हिरवंगार झालंय. सुकाळ हाय औंदा. श्रावन लागला तवाच मीठ मारलं समद्या खाचरांत."

माझा घास हातातच राहिला. "मीठ?"

"व्हय, मीठ."

"शेतात?"

"मंग काय चुलीत?"

खारेपाटातल्या माणसाला हे ऐकून काय वाटतं ते घाटावरच्या माणसाला कळायचं नाही. माझ्या लहानपणी एकदा उधाणात बांध फुटला आणि समुद्र शेतात आला. त्यानंतर माझे वडील रोज सकाळी शेतातली चिमूटभर माती जिभेवर ठेवून थुंकायचे. खार गेला का, हे बघायचे. कित्येक पावसाळे तिथे गवतही धड उगवलं नाही. आमच्याकडे शेताच्या वाटेवर मिठाची पाटी डोक्यावर घेऊन कुणी जाऊ लागलं तरी म्हातारी माणसं ओरडतात. आणि हा भला माणूस पानावर भात वाढून घेत सांगतो, शेतात मीठ मारलं!

मी जेवण सोडून वाद घातला. आबा, शेत मरेल. आबा, तुम्हाला कुणी फसवलं? आबा आधी हसले, मग चिडले. शकूला तर हसू आवरेना.

"अगं वेडे," ती डोळे पुसत म्हणाली, "खताला म्हणतात इथे मीठ! पिशवीतल्या पांढऱ्या खताला!"

आबांनी पडवीतल्या पोत्यात हात घालून माझ्या तळहातावर मूठ सोडली. पांढरे, चकचकीत दाणे. नाकाला झोंबणारा वास. "शेतकीचं सायेब आलते. म्हन्ले, तायचुंगचं नवं बी लावा, मीठ मारा, भात दुप्पट व्हईल. झालं की!"

तळ्यावर

सकाळी आबांना हाताला धरूनच तळ्यावर नेलं. म्हणजे मी त्यांना नेलं असं मी म्हणते. बांधावरून माझा पाय सरकला आणि मी गुडघाभर चिखलात गेले, तेव्हा त्यांनीच मला वर ओढलं. चप्पल तिथेच राहिली.

तळ्यापाशी आलो. तोच रंग! तोच दाट हिरवा थर, तोच कुजकट वास. दादाचं तळं कुणी उचलून घाटावर आणून ठेवलं असतं तर असंच दिसलं असतं. काठावर पिंपळाखाली एक ठाकर बाई बसली होती, सुकलेलं जाळं मांडीवर घेऊन. हौसाबाई तिचं नाव. तळ्याच्या अंगाला ठाकरांची वस्ती आहे, त्यांचं कालवण या तळ्यातलं आणि प्यायचं पाणी तळ्याशेजारच्या झिऱ्यातलं.

"मासे कधी मेले, मावशी?" मी विचारलं.

"ऊन पडलं तवा. पहाटंचं वर येऊन त्वांड वासत हुते बग. म्या म्हनलं, देवा, पान्यात आसून तहानले का काय!" तिनं आबांकडे पाहिलं. "ह्यांच्या मिठानं मेले."

आबा उसळले. "माझं मीठ खाचरात हाय. तळ्यात कसं यील?"

"माज्या रानात कसं आलं मंग?"

हौसाबाईचं एक लहानसं खाचर आबांच्या सगळ्या खाचरांच्या खाली, अगदी शेवटचं. तिनं कधी पिशवीला हात लावला नव्हता, तरी तिचं भात काळपट हिरवं, नुसतं पात्यांनी माजलेलं. जुन्या वाणाचं ते, गेल्या सालीही असंच माजलं आणि लोंब्या धरायच्या सुमाराला आडवं झालं, असं ती म्हणाली. आबा वाकून ते भात चाचपत राहिले. मग एकदम सरळ झाले.

"म्हंजी माझं मीठ तू खातीस व्हय? आन मिठाला जागायचं सोडून मलाच बोल लावतीस?"

"म्या मागितलं न्हवतं, आबा. तुमीच वाढलं."

शकू तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघू लागली. मला मात्र हसू येईना. माझं लक्ष वरच्या बांधाकडे गेलं होतं. आबांच्या शेवटच्या खाचराच्या बांधाला एक तोंड होतं आणि तिथून एक चर हौसाबाईच्या शेताला वळसा घालून थेट तळ्यात उतरला होता. थोडं पाणी झिरपून तिच्या शेतात, बाकी सगळं चरातून तळ्यात.

"आबा, मीठ मारलं त्या दिवशी पाऊस होता?"

"धो धो. पावसात मारलं की इरघळतं लवकर."

"आणि मग?"

"मंग काय, पानी लय चढलं. बांध फुटंल म्हनून त्वांड उघडून दिलं." हे म्हणता म्हणता ते थांबले. हातातली काठी चिखलात तशीच रुतवून ते चराकडे बघत राहिले. मला वाटलं आता ओरडणार. पण ते अगदी हळू बोलले. "म्या रांगंत उभं राहून आनलेलं मीठ... तळ्याला चारलं?"

"तळ्याला चारलं," हौसाबाई म्हणाली. "त्येला पचलं न्हाई."

इतकी वर्षं मी मुलांना शिकवत आले की घाणीनं पाणी नासतं. इथे तर घाण नव्हतीच. भाताचं जेवण होतं ते, पाण्याला जास्त झालेलं! शेवाळ माजलं, त्यानं पाण्यातली हवा संपवली आणि माशांचा श्वास गेला. चांगल्या वस्तूनं तळं मरतं हे मला पटायला तयार नव्हतं, आणि डोळ्यांसमोर तर तेच होतं.

मग आम्ही चौघं बांधावर बसून भांडलो. मी आमच्या उघाडीचं सांगितलं. दार कधी उघडायचं आणि कधी लावायचं एवढ्या एका गोष्टीवर आमचं गाव जगतं, तुमच्या बांधाचं तोंड तर तुम्ही आंधळेपणानं सोडता. आबा म्हणाले, तोंड लावलं तर बांध फुटतो. हौसाबाई म्हणाली, मग पावसात मारताच कशाला? उघडीप बघून मारा, पाणी उतरवून मारा, आणि मातीनं मीठ पिऊन घेईपर्यंत तोंड लावून ठेवा. वरचं पाणी सोडायची वेळ आलीच तर चरातून नको, माझ्या शेतातून सोडा, माझं भात उरलंसुरलं खाईल. पण माझ्या रानात मिठाचा दाणा पडता कामा नये, आणि तुमच्या हातचंही कमी पडलं पाहिजे, नाहीतर माझं भात पुन्हा लोळेल.

"शेवटचं खाचर उपाशी ठेवायचं म्हंजी," आबा म्हणाले.

"व्हय. आन खालच्या बांधावरचं गवात कापायचं न्हाई. त्येबी खातंय."

आबांनी ते कबूल केलं असं नाही म्हणता यायचं. ते उठले, काठी मला धरायला दिली आणि दोन्ही हातांनी चिखल उचलून चराच्या तोंडावर थापू लागले. थापता थापता हौसाबाईला ऐकवत होते की हे तुझ्यासाठी नाही, माझं मीठ वाया जातंय म्हणून आहे. तिनं जाळं खाली ठेवलं आणि दुसऱ्या बाजूनं दगड लावायला लागली. यात एक पिशवी लागली नाही की एक साहेब लागला नाही.

"तळं पुन्हा जगेल का, मावशी?" निघताना मी विचारलं.

"जगंल तर जगंल," ती म्हणाली. "फुडल्या श्रावनात ये, मंग सांगते."

परत खारेपाटात

दादा अंगणात जाळं विणत होता. त्याच्यामागे तळ्याच्या काठावर मातीचा ढीग तसाच होता, फक्त पावसानं थोडा बसलेला. मी पिशवी खाली न ठेवताच सगळं सांगितलं. घाटावरचं पाणी कसं निर्मळ आहे, इंद्रायणी कशी पूर्वेला जाते, आणि आबांनी खाचरात मीठ मारून गावचं तळं कसं मारलं ते.

दादानं मांडीवर थाप मारली. "श्यातात मीठ! काय गो, घाटावरची मानसं पार खुली हायेत का? तरी बोललो ना मी, लोकांना अक्कल नाय." मग अभिमानानं शेताकडे मान वळवली. "आमचा बघ. औंदा पयल्यांदा साखर टाकली. भात बघ कसा झालाय."

"कसली साखर?"

"सोसायटीची. तुला बोललो नव्हतो का, रांग लावायची हाय? संपली होती, आनखी आनली."

"मी तुला गौरीसाठी आणायला सांगितली होती ती?"

"ती खायची नाय गो!" तो हसत पडवीत गेला आणि मूठ भरून घेऊन आला. माझ्या तळहातावर सोडली.

पांढरे, चकचकीत दाणे. नाकाला झोंबणारा वास.

"याला साखर कोण म्हणतं?" मी कसंबसं विचारलं.

"सगला गाव म्हनतो. श्यातात टाकायच्या वस्तूला मीठ कोन बोलंल? जीभ झडंल!"

"कधी टाकलीस, दादा?"

"अवसेच्या पावसात. पानी लय चढला म्हनून बांधाचं तोंड फोडून दिलं."

"कुठलं तोंड?"

दादानं हात लांब करून दाखवलं. त्याचं बोट शेताच्या बांधावरून निघालं, फोडलेल्या तोंडापाशी आलं, तिथून ओल्या ओघळीवरून खाली खाली सरकत गेलं आणि तळ्यावर येऊन थांबलं. त्याचा हात तसाच हवेत राहिला.

"मीच?" तो म्हणाला.

त्या पहाटे कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून माशांची तोंडं हंड्यात धरणारा माझा भाऊ मला दिसत होता, आणि मला रडू आवरेना.

दादानं घमेलं घेतलं आणि तो काठावरच्या ढिगातली माती भरू लागला. मी घाबरले. मला वाटलं, आत्ताच बुजवतोय. पण तो घमेलं घेऊन वर गेला, बांधाच्या फुटक्या तोंडाशी, आणि ती माती तिथे ओतून पायानं दाबू लागला.

"अवो, तल्याची माती तिकडं कुठं नेताय?" वहिनी दारातून ओरडली.

"बापानं सगला जनम उघाडीवर काढला," दादा मला म्हणाला, माझ्याकडे न बघता. "समुंदर आत यायला नको म्हनून. ह्या तोंडाकडं कोनी बघितलाच नाय."

तो पुन्हा ढिगाकडे आला. मी हातातले दाणे पोत्यात टाकून आले, पदर खोचला आणि दुसरं घमेलं उचललं.